मॉड्यूल की आरबीआय? नव्या सर्व्हिस कोऑर्डिनेटरसाठी

अमेरिकेत अर्ली इंटरव्हेन्शनच्या, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या ३ वर्षांखालच्या मुलांना मदत पोचवण्याच्या, कामाला सर्व्हिस कोऑर्डिनेटर (कुटुंबाला लागतील त्या सेवा जुळवून देणारी) म्हणून नुकत्याच लागलेल्या दोन मराठी मैत्रिणींनी महिन्याभरात मला एकच प्रश्न विचारला. वर्षाचे ट्रेनिंगचे तास ऑनलाइन मॉड्यूल करून भरावेत, की सुपरवायझरच्या मागे लागून आरबीआयचं, म्हणजे रूटीन्स बेस्ड इंटरव्ह्यूचं, ट्रेनिंग पदरात पाडून घ्यावं? मी दोन्ही केली आहेत. रेफरल आल्यापासून ४५ दिवसांत आयएफएसपीची, म्हणजे त्या कुटुंबाच्या लेखी सेवा-योजनेची, मीटिंग आणि मग दर ६ महिन्यांनी आढावा हे तुम्हाला पाठ असेल असं धरून लिहिते. तासांचे नियम राज्यागणिक बदलतात, ते तुमच्या ऑफिसातच विचारा.

मॉड्यूलची बाजू आधी, कारण ती खरोखरच भक्कम आहे. पार्ट सी, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकी कायद्यातला अर्ली इंटरव्हेन्शनचा भाग, हा कायद्याने बांधलेला कारभार आहे. १९८६ साली तो आला तेव्हापासून पालकांचे हक्क हा त्याचा कणा आहे. लेखी पूर्वसूचना कधी द्यायची, संमती कशाकशासाठी लागते, सूचना पालकांच्या भाषेत का द्यायची, मूल ३ वर्षांचं होण्याआधी किमान ९० दिवस ट्रान्झिशनची, म्हणजे या सेवेतून बाहेर पडून पुढे जाण्याची, काय तयारी झालेली हवी, हे सगळं मॉड्यूलमध्ये नीट मिळतं. मुलं झोपल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ती केली. अडलं की मागे जाऊन पुन्हा ऐकलं. खर्च नाही, रजा नाही, कुणाची परवानगी नाही. कागदपत्रांत चूक झाली तर त्रास कुटुंबाला होतो, म्हणून हा भाग कच्चा ठेवू नका.

माझं बिनसलं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून. मॉड्यूलच्या व्हिडिओतली आई नेहमी पूर्ण उत्तर देते. कोऑर्डिनेटर विचारते, "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि आई तीन वाक्यांत मुलाचं खाणं, झोप, बोलणं सगळं मांडते. खाली चार पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा, पुढे जायचं. मी वर्षभरात अशा बऱ्याच आया पाहिल्या. प्रत्यक्षात ज्या घरांत गेले, तिथली आई म्हणायची, "तसं सगळं ठीक आहे." आपल्या मराठी घरांत तर हे हमखास. परक्या माणसापुढे लेकराची उणीव कशी बोलायची? त्या "ठीक आहे"नंतर काय विचारायचं हे मला एकाही मॉड्यूलने शिकवलं नाही. मी "चिंता नाही" असं लिहून पुढच्या रकान्याकडे वळत होते, आणि माझं चुकतंय हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

आरबीआय या क्षेत्रातले संशोधक रॉबिन मॅकविल्यम यांनी विकसित केला. कल्पना साधी आहे. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा घरातला दिवस एकेका प्रसंगाने उलगडत न्यायचा. प्रत्येक प्रसंगात घरातले बाकीचे काय करत असतात, मूल काय करतं, त्याचं लक्ष किती लागतं, स्वतःचं स्वतः किती करतं, इतरांशी कसं वागतं हे विचारायचं. शेवटी तो प्रसंग घरच्यांना कसा वाटतो, त्याला १ ते ५ मधला आकडा द्यायला सांगायचा. माझ्या वेळी दोन दिवसांची कार्यशाळा झाली आणि नंतर पालकांच्या परवानगीने रेकॉर्ड केलेल्या तीन मुलाखती ट्रेनरने चेकलिस्ट हातात घेऊन पाहिल्या. पहिल्याच रेकॉर्डिंगला तिने अकराव्या मिनिटाला व्हिडिओ थांबवला. "इथे आई 'ठीक' म्हणाली आणि तुम्ही खाली बघून लिहायला लागलात. तिचा चेहरा बघा." मी पाहिला. पुढे काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं.

तिसरी मुलाखत योगायोगाने एका मराठी घरात झाली. बाळ ९ महिन्यांचं, अंग सैल, अजून आधाराशिवाय बसत नव्हतं. आंघोळ कशी होते विचारलं, तर आई म्हणाली, "ठीक होते." या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे असता?" ती म्हणाली, "मी नसतेच. सासूबाई घालतात." ओट्याशी उभ्या असलेल्या आजी गॅस बंद करून बाहेरच आल्या. "अगं, तू विचारतेस म्हणून सांगते. टबाशेजारी पाट घेऊन बसते, पाय लांब करते आणि याला पायांवर पालथा घालते. पाठीवर पाणी पडलं की मान कशी वर काढतो! तांब्या धरायला हात पुढे करतो." असेसमेंटमध्ये या मुलाने हात पुढे केल्याची नोंद नव्हती. सुनेने आंघोळीला आकडा दिला २. आजींचा सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला होता. त्या परत गेल्यावर ओलं, निसरडं, न बसणारं बाळ एकटीने कसं सांभाळायचं, या धास्तीने तिला झोप लागत नव्हती. काळजीचा प्रश्न मी तासभर आधी सरळ विचारला होता, तेव्हा तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या घराच्या आयएफएसपीत पहिलं उद्दिष्ट असं लिहिलं गेलं: आंघोळीच्या वेळी बाळ थोड्या आधाराने टबात बसून तांब्याशी खेळेल, म्हणजे आईला एका हाताने त्याला आंघोळ घालता येईल. जुन्या पद्धतीने मी "बसण्याचा तोल सुधारेल" असं लिहिलं असतं. तेही चुकीचं नव्हतं. पण पहिलं वाक्य फिजिओथेरपिस्टने वाचलं आणि पुढची व्हिजिट सकाळी, आंघोळीच्या वेळेची मागून घेतली.

आरबीआयच्या अडचणीही सांगायला हव्यात. एक मुलाखत जवळजवळ दोन तास खाते. अंगावर केसेसचा ढीग आणि ४५ दिवसांचं घड्याळ असताना ते दोन तास काढणं जिवावर येतं. दुभाषी लागला तर वेळ आणखी वाढतो. सगळ्यांनाच रेकॉर्डिंग चालत नाही, आणि त्यांनी नाही म्हटलं तर तो विषय तिथेच सोडावा. शिवाय पाठीशी भक्कम सुपरवायझर नसेल तर कार्यशाळेतलं शिक्षण दोन महिन्यांत ओसरतं, असं मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. माझा अनुभव तीन मुलाखतींचा आणि त्यानंतरच्या घरांचा. तुमच्याकडे तो वेगळा येऊ शकेल.

रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजनबद्दलही, म्हणजे कामातल्या अनुभवांवर सुपरवायझरशी नियमित मोकळेपणाने बोलण्याबद्दलही, काही जण विचारतात. ते उत्तम आहे, मन हलकं होतं, पण मला ते कामाच्या दुसऱ्या वर्षी जास्त उपयोगी पडलं. पहिल्या वर्षी विचार करायला पुरेसा अनुभवच गाठीशी नव्हता.

तेव्हा मला विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांत हक्क, संमती आणि ट्रान्झिशन एवढीच मॉड्यूल करा, तीही मन लावून. उरलेले तास आरबीआयसाठी राखून ठेवा. ऑफिस पैसे देत नसेल तर निदान एखाद्या अनुभवी कोऑर्डिनेटरला तुमच्याबरोबर दोन घरी येऊन नुसतं ऐकत बसायची विनंती करा. आणि कुठल्याही ट्रेनिंगला नाव देण्याआधी तिथे फोन करून एवढं विचारा: मी घेतलेली मुलाखत तुमच्यापैकी कोण बघणार, आणि किती वेळा? माझ्या ट्रेनरने तीनदा पाहिली होती. दोनदा पाहणारं कुणी मिळालं तरी मी नाव देईन.