पिकअपही हवा आणि ॲव्हरेजही: रीमॅप करावा की टायर बदलावेत?

रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील सेटिंग बदलणे. तो करावा की टायर बदलावेत, याचे उत्तर इंजिनावर अवलंबून आहे. मारुती स्विफ्टचेच उदाहरण घेऊ. २०२० पर्यंत तिच्यात १,२४८ सीसीचे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेले डिझेल इंजिन मिळत असे आणि १.२ लिटरचे बिनटर्बो पेट्रोल इंजिनही होते. या दोघांसाठी माझा सल्ला एक नाही.

डिझेलमध्ये रीमॅपला अर्थ आहे. इंधन किती व केव्हा सोडायचे आणि टर्बोने किती दाब द्यायचा, हे ईसीयूतील (इंजिनाच्या संगणकातील) तक्त्यांवरून ठरते. ते तक्ते नीट बदलले तर दोन हजार आरपीएमच्या खालचा मरगळलेपणा कमी होतो आणि घाटात ज्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागत होता, तो चढ कित्येकदा तिसऱ्यावर निघतो. ॲव्हरेज वाढते ते या वरच्या गिअरमुळे. मिळालेली ताकद चाखण्यासाठी पाय दाबतच राहिलात, तर ते उलट घटेल. जुना क्लच वाढलेल्या टॉर्कखाली (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराखाली) घसरू लागतो, हा खर्च रीमॅपच्या दरपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो. इंधन वाढवून हवा तेवढीच ठेवणाऱ्या रीमॅपने काळा धूर येतो आणि पीयूसीची अडचण उभी राहते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना आडकाठी करते, आणि वॉरंटी शिल्लक असल्यास तीही धोक्यात येते.

पेट्रोल स्विफ्टमध्ये दाब वाढवायला टर्बोच नसल्यामुळे रीमॅपवर खर्च केलेल्या पैशांच्या मानाने हाती फार थोडे लागते. महागड्या एअर फिल्टरचेही तेच. सावकाश चालवताना हवा थ्रॉटलच (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) अडवत असतो, त्यामुळे फिल्टर मोकळा केल्याने ॲव्हरेज वाढत नाही, आवाज मात्र वाढतो.

या गाडीसाठी मी टायरकडे वळेन. १६५/८० आर१४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, तर १८५/६५ आर१५ चा ६२१ च्या आसपास असल्यामुळे हा बदल स्पीडोमीटरला जवळजवळ कळत नाही आणि वळणावर पकड सुधारते. दिसायला भरदार म्हणून १९५/६५ आर१५ बसवल्यास व्यास ६३४ वर जातो: गाडी १०० किलोमीटर धावली तरी ओडोमीटर ९८ च्याही खालीच राहतो, म्हणून ॲव्हरेज प्रत्यक्षात आहे त्याहून कमी दिसते, आणि गिअर लांब झाल्याने पिकअपही मंदावतो. जड अलॉय चाके घेऊन वर ॲव्हरेजची तक्रार करणारे मला नेहमीच गमतीचे वाटतात.

दोन्हींपैकी काहीही करण्याआधी वीसेक किलोमीटर गाडी चालवून चारही रिमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल, तर तिथला ब्रेक बहुधा चिकटत आहे, आणि तो सोडवण्याचा खर्च रीमॅपच्या तुलनेत किरकोळ असतो.