विंडोजवर गिट: एसएसएच की बनवावी का एचटीटीपीएसनंच भागवावं?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी पोरापोरींना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) शिकवतो. पहिल्या पुशच्या वेळी, म्हणजे आपलं काम गिटहब या साइटवर पाठवताना, हा प्रश्न येतोच. मी उलट एकच विचारतो: लॅपटॉप तुझ्या एकट्याचा आहे, का त्यावर चार जण बसतात?

गिटहबचा नुसता पासवर्ड पुशसाठी 13 ऑगस्ट 2021 पासून चालत नाही. म्हणजे उरले दोनच रस्ते: एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझरमधून लॉगिन, नाहीतर एसएसएच, म्हणजे संगणकावर की (किल्लीसारखी फाइल) बनवून तिच्यावर ओळख पटवणं.

एचटीटीपीएस सोपं आहे. गिट फॉर विंडोजसोबत लॉगिन सांभाळणारा क्रेडेन्शियल मॅनेजर येतो. पहिल्या पुशला ब्राउझर उघडतो, लॉगिन केलं की झालं. पण ते लॉगिन विंडोजमध्येच साठून राहतं. क्लासच्या संगणकावर एका मुलीला पुश करताना सारखा 403 (परवानगी नाही) येत होता. आधी बसलेल्या मुलाचं लॉगिन तिथंच राहिलं होतं. कंट्रोल पॅनेलमधून गिटहबची ती नोंद काढली, तेव्हा कुठं तिचं काम गिटहबवर गेलं. सामायिक संगणकावर तरीही मी एचटीटीपीएसच सांगतो, कारण उठताना ती नोंद पुसता येते. तिथं स्वतःची खासगी की ठेवून जाणं मला अजिबात पटत नाही.

लॅपटॉप स्वतःचा असेल तर मात्र एसएसएच. पहिल्या दिवशी अर्धा तास जातो, तो जाऊ द्या. विंडोज 10 आणि 11 मध्ये ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम) बहुतेक असतंच, नसलं तर सेटिंग्जमधून टाकता येतं. एसएसएच-कीजेन ही कमांड चालवून ईडी25519 प्रकारची की बनवा आणि पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) नक्की द्या. पासफ्रेज टाइप करताना स्क्रीनवर एक ठिपकाही उमटत नाही. पोरं कीबोर्ड बिघडला म्हणून हात आखडतात. टाइप करत राहायचं आणि एंटर दाबायचं.

आता नीट बघा, खरी चूक इथं होते. की जिथं बनली त्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल दिसतात. एकीच्या शेवटी डॉट पब असतं, पण ज्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट पब्लिशर असेल तिथं विंडोज ते लपवतं आणि फाइल पब्लिशरची म्हणून दाखवतं. दोनदा क्लिक करू नका, नोटपॅडमध्ये उघडा. एसएसएच-ईडी25519 नं सुरू होणारी ओळ गिटहबवर टाकायची. जिच्यात 'प्रायव्हेट की' लिहिलंय ती कोणालाच द्यायची नाही, मला व्हॉट्सॲपवर सुद्धा नाही.

दर वेळी पासफ्रेज मागू नये म्हणून उघडलेली की लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट लागतो. विंडोजमध्ये ही सर्व्हिस मुळात बंद असते. ॲडमिन होऊन सुरू करा आणि एसएसएच-ॲड या कमांडनं की तिच्यात टाका. तरीही मागत असेल तर गिट स्वतःसोबत आलेलं एसएसएच वापरतंय; कोअर डॉट एसएसएचकमांड या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पत्ता द्या.

कॉलेजच्या वायफायवर 22 नंबरचं पोर्ट (नेटवर्कचं दार, एसएसएच एरवी त्यातूनच जातं) बंद असेल, तर गिटहब 443 वरही एसएसएच घेतं.