नाशिकच्या कोरड्या हवेत फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम: वर्षभराचा अनुभव

मखमली पानांचं एकच दुर्मिळ झाड घरात ठेवायचं असेल, तर नाशिककरांनी ग्लोरिओसम घ्यावं. गेल्या पावसाळ्यात आणलेलं माझं रोप थंडी आणि उन्हाळा काढून आता पुन्हा पावसाळ्यात आलंय, आणि हे मत उन्हाळा पाहिल्यावर जास्त पक्कं झालं.

हे झाड मूळ कोलंबियातल्या वर्षावनांचं. 1876 साली एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बहुतेक फिलोडेंड्रॉन झाडांवर चढतात, हे मात्र जमिनीवर सरपटतं. जाड खोड पालापाचोळ्यावर आडवं पुढे सरकतं आणि प्रत्येक पेरातून एक देठ, त्यावर एक हृदयाच्या आकाराचं पान वर येतं. गडद हिरव्या मखमलीवर पांढुरक्या शिरा. कोवळ्या पानाच्या कडेला आणि शिरांना गुलाबी झाक असते, ती पान जून होत जाईल तशी उतरते. पानाच्या पृष्ठभागावरच्या पेशी सपाट नसून फुगीर असतात, त्यावर प्रकाश पडला की ही मखमल चमकते. सकाळच्या तिरप्या उजेडात बघा, फोटोत त्यातलं निम्मंही येत नाही.

कुंडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक रोपं इथेच बिघडतात. खोड आडवं वाढणार, म्हणून गोल खोल कुंडी नको. लांबट, उथळ कुंडी हवी. रोप मधोमध न लावता एका टोकाला लावायचं, वाढता शेंडा रिकाम्या बाजूला. खोड मातीत पुरायचं नाही, वर उघडं ठेवायचं, फक्त मुळं खाली. आपली काळी माती इथे अजिबात चालत नाही, ओली झाली की फुगून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. मी नारळाच्या सालीचे तुकडे, कोकोपीट, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), थोडा लाकडी कोळसा आणि मूठभर गांडूळ खत असं मिश्रण केलंय. पाणी घातलं की लगेच खालून निघून गेलं पाहिजे. वरचा इंचभर थर सुकला की पुन्हा पाणी.

खतासाठी वेगळं महागडं काही लागलं नाही. द्राक्षवाल्यांच्या दुकानात मिळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला. थंडीत पूर्ण बंद.

पावसाळ्यात खरंच काही करावं लागत नाही. पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवलंय, थेट पावसात नाही. श्रावणात आलेलं पान आधीच्या पानाहून सरळ मोठं आलं. नवं पान गुंडाळीतून बाहेर येऊन पूर्ण पसरायला काही आठवडे घेतं, तेवढा काळ त्याला हात लावू नका, कोवळी मखमल बोटाने डागाळते. देठावर किंवा कोवळ्या पानावर चिकट थेंब दिसले तर घाबरू नका. फिलोडेंड्रॉनच्या अनेक जाती फुलाबाहेरही मधुरस सोडतात, जंगलात त्यासाठी मुंग्या येतात. मात्र एकदा भिंगाने पान उलटून बघा, कारण मिलीबगचा (पिठ्या ढेकणाचा) चिकटपणाही असाच दिसतो.

निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की झाड खिडकीपासून आत न्यायचं. 15 अंशांखाली याला बरं वाटत नाही आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्याच्या बरंच खाली जातं. वाढ थांबते, पानं तशीच राहतात. या काळात जास्त पाणी म्हणजे खोड कुजणं.

खरी परीक्षा मार्च ते मे. दुपारी बाहेर चाळिशीच्या आसपास, आणि खोलीतला आर्द्रता मीटर पंचवीस टक्क्यांवर. या पट्ट्यात फवारणीची बाटली घेऊन पानांवर पाणी मारणारे बरेच आहेत. मी ते करत नाही: आर्द्रता काही मिनिटांपुरती वाढते आणि जड पाण्याचे पांढरे डाग मखमलीवर कायमचे बसतात. आपला साधा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हाच सर्वात चांगला उपाय निघाला. तो हवा थंडही करतो आणि ओलसरही. झोत थेट पानांवर येऊ द्यायचा नाही, एवढंच. कूलर असलेल्या खोलीत आर्द्रता पन्नाशीच्या पुढे राहिली आणि मे महिन्यातसुद्धा पान उलगडलं, कडा थोड्या तपकिरी झाल्या, बाकी धड. मखमली पानांच्याच, पण झाडांच्या फांद्यांवर उघड्या मुळांनी वाढणाऱ्या अँथुरियम वॉरोक्वेनमला एवढ्याने भागेल असं मला वाटत नाही, म्हणूनच माझी शिफारस ग्लोरिओसमची.

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानाच्या मागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले की समजा. द्राक्षबागा सांभाळणाऱ्या घरांना हा आणि फुलकिडे चांगलेच माहीत आहेत. पाण्याच्या हलक्या धारेने पानांची मागची बाजू धुऊन संध्याकाळी कडुनिंब तेलाची सौम्य फवारणी, आधी एका पानावर करून बघून. पानं चमकवायची तेलं मात्र याला कधीच लावू नका.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा. अळूच्याच कुळातलं झाड आहे, आणि कच्चं अळू ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाजतं तेच याच्या पानातही असतात.

घेताना विक्रेत्याकडे पानाचा नव्हे, खोडाचा आणि देठाचा फोटो मागा. खोड आडवं सरपटताना दिसलं पाहिजे आणि देठाच्या कडांना फिकट रेघा हव्यात. ग्लोरिओसमचे संकर याच नावाने विकले जातात. तेही सुंदर असतात, पण किंमत तशी द्यावी. ऊतिसंवर्धनामुळे (टिश्यू कल्चर) आता भाव पुष्कळ उतरलेत, दोन-तीन पानांचं रोप आवाक्यात आलंय. त्याहून लहान घेऊ नका, आपल्या पहिल्या उन्हाळ्यात ते टिकणं अवघड. मागवायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये: खोक्यात रोप भाजत नाही, आणि उन्हाळा येईपर्यंत मुळं धरायला त्याला पुरते महिने मिळतात.