व्हॉल्व्हचा जुना स्टीरिओ रिसीव्हर: घरी उघडावा, मेकॅनिकला द्यावा, की जपानी ट्रान्झिस्टर सेट घ्यावा?

माळ्यावरून उतरवलेला किंवा अमेरिकेहून परतलेल्या काकांच्या सामानातून आलेला व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला) रिसीव्हर हाती लागला की पहिला मोह एकच: प्लग लावून बघू, चालतोय का. तो मोह आवरा. पन्नास-साठ वर्षांच्या सेटमधले कंडेन्सर (कपॅसिटर) सुकलेले असतात किंवा गळत असतात, आणि पहिल्याच मिनिटात ते स्वतःबरोबर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कंडेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतो. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

म्हणून पुढचे तिन्ही पर्याय तोलण्याआधी ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे का, एवढंच बघा. त्याला वीज लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. सेट किती दिवस बंद आहे ते माहीत नसेल तर आधी मोठ्या कंडेन्सरवर चार्ज उरलेला नाही ना, ते व्होल्टवर तपासा. मग डाव्या चॅनेलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या) प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळ्याचा, रेझिस्टन्स मोजा, तसाच उजव्याचा. दोन्ही आकडे जवळपास जुळले तर चिंता नाही. एक बाजू उघडी, म्हणजे तार तुटलेली, दाखवत असेल, किंवा मेन ट्रान्सफॉर्मरला जळका वास असेल, त्यातून काळं डांबर ओघळलेलं असेल, तर गणितच बदलतं. रिवाइंडिंग करणारे मुंबईत आहेत, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे थर मूळ सेटसारखे गुंडाळणं हे पंख्याची मोटर भरण्याइतकं सोपं नाही. अशा सेटवर मी तरी पैसे घालणार नाही.

उदाहरणासाठी साठच्या दशकातला फिशर ५००-सी घेऊ, कारण अमेरिकेतून येणाऱ्या सेटांत तो बराच दिसतो. त्यात फक्त एफएम आहे, आउटपुटला ७५९१ जातीचे चार व्हॉल्व्ह आहेत, आणि वीज हवी ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावला तर संपलाच. व्होल्टेज उतरवणारी स्टेप-डाऊन पेटी लावली तरी ५० हर्ट्झवर मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारी बरी. ही पेटी निदान ३०० वॅटची घ्या. लोहार चाळीत मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पेट्या ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे सेट मेनपासून वेगळा होत नाही. व्हॉल्व्हच्या सेटला आयसोलेशनवालीच पेटी मागून घ्या.

स्वतः करणं

खर्च सगळ्यात कमी, वेळ सगळ्यात जास्त, आणि धोका खरा. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. एक हात खिशात ठेवून काम करणं, चार्ज रेझिस्टन्समधून उतरवणं आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आत बोट घालणं ज्याला कटकट वाटते, त्याने इथेच थांबावं. आधी कधी डाग (सोल्डर) दिलेला नसेल तर पहिला डाग या सेटवर देऊ नका. स्वस्तातलं एखादं किट आणून हात बसवा.

पण ज्याला हे जमतं त्याच्यासाठी दोष शोधणं म्हणजे अस्सल मजा. पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा पिवळा, फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण तेजात जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. स्पीकर नेहमी जोडलेले ठेवा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय जोरात वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटू शकतं.

घरघर येते का? व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही तितकीच घरघर राहिली तर बहुधा पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गेलेत. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त होत असेल तर दोष सुरुवातीच्या टप्प्यात, बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअॅम्पच्या बाजूला शोधा. एक बाजू मुकी असेल तर दोन्ही चॅनेलचे सारखे व्हॉल्व्ह, सेट बंद करून, आपसात बदला. दोष बाजू बदलून गेला तर व्हॉल्व्ह वाईट, जागेवरच राहिला तर सर्किट. नॉब फिरवताना खरखर ही मुंबईची खास देणगी आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत स्विचचे कॉन्टॅक्ट आणि व्हॉल्व्हचे बेस काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब पाच-पन्नास वेळा फिरवला की निम्मी रडगाणी तिथेच संपतात.

सगळ्यात महत्त्वाचा कंडेन्सर दिसायला सगळ्यात क्षुल्लक असतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंटला लगाम घालणाऱ्या जाळीकडे) सिग्नल नेणारा कपलिंग कंडेन्सर गळायला लागला की ग्रिडवरचा उणे व्होल्टेज शून्याकडे सरकतो, व्हॉल्व्हमधून करंट वाढतो आणि आतली करडी प्लेट लाल तापते. अंधारात बघितलं तर ही लाली नीट दिसते, फिलामेंटच्या नारिंगीहून वेगळी. ५००-सी मध्ये बायस, म्हणजे ग्रिडवरचा हा उणे व्होल्टेज, फिरवून जुळवायची सोय नाही. त्यामुळे बरेच जण प्रत्येक ७५९१च्या कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टन्स टाकतात आणि त्यावरचा व्होल्टेज मोजतात. ०.३३ व्होल्ट म्हणजे ३३ मिलिअँपिअर. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर हे साधारण १३ वॅट झाले, आणि या व्हॉल्व्हची मर्यादा १९ आहे. म्हणजे निवांत. चौघांतला एकच आकडा फटकून असला तर दोषी सापडला.

मेकॅनिककडे देणं

इथे सगळं माणसावर अवलंबून. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, म्हणजे ज्याला पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि तोंडात लॅमिंग्टन रोड, तिथे सुटे भाग मिळतात. पण व्हॉल्व्हवर हात बसलेले जुने लोक बहुतेक घरूनच काम करतात आणि ते ओळखीतूनच सापडतात. त्यातले अनेकजण मर्फी, फिलिप्सच्या मोनो रेडिओंवर तयार झालेले. त्यांचा हात उत्तम असतो, पण स्टीरिओ एफएमचा ट्यूनर हा वेगळा प्रांत. १०.७ मेगाहर्ट्झचे आयएफ (ट्यूनरमधले मधले टप्पे) जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो, डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या मल्टिप्लेक्सला १९ किलोहर्ट्झचा पायलट सिग्नल नीट पकडावा लागतो. कानाने ऐकून स्क्रू फिरवणाऱ्याच्या हाती तो भाग देऊ नका. बिघडलेला नसताना जुळवणी हलवली तर पूर्ववत करायला दुप्पट पैसे.

त्याला विचारायचे प्रश्न ठरवून जा. सगळे कपलिंग कंडेन्सर आणि इलेक्ट्रोलिटिक बदलणार का, की फक्त “जे गेलेत ते”? काढलेले भाग परत देणार का? बायसच्या सप्लायमधला जुना सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) काढणार का? तो गेला तर चारही आउटपुट व्हॉल्व्ह एकदम बायसविना राहतात. “चालू करून देतो, काळजी नको” एवढंच उत्तर मिळालं तर सेट उचला आणि घरी या. एक कंडेन्सर बदलून चालू केलेला सेट दोन महिन्यांनी दुसरा कंडेन्सर घालवतो, त्या वेळी कदाचित ट्रान्सफॉर्मरसकट. अर्धवट दुरुस्ती हा तिन्हींपेक्षा महाग पडणारा चौथा पर्याय आहे.

व्हॉल्व्ह हा खर्चाचा मोठा तुकडा. ७५९१ बरीच वर्षं नव्याने बनत नव्हता. आता रशियात बनणारे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे आणि स्लोव्हाकियाच्या जेजेचे येतात, पण इथे बहुधा मागवावे लागतात. चार जुळलेले घ्या. छोटे व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नका, ते वर्षानुवर्षं टिकतात, आणि चोरबाजारात मटन स्ट्रीटवर कधीकधी जुन्या डब्यांत निघतात. विकणाऱ्याने “एकदम नवा आहे” म्हटलं तरी टेस्टरवर घातल्याशिवाय पैसे देऊ नका.

जपानी ट्रान्झिस्टर सेट

सत्तरच्या दशकातला पायोनियर, सान्सुई किंवा मरांट्झ. ताकद जास्त, उष्णता फार कमी, आणि निर्यातीच्या बऱ्याच मॉडेलना मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो, म्हणजे स्टेप-डाऊनची पेटी वाचली. तो स्विच २२० किंवा २४० वर आहे का, ते मात्र प्लग लावण्याआधी स्वतः बघा. दुरुस्ती करणारा सहज सापडतो. दोष म्हणाल तर स्विच आणि रिले कुरकुरतात, डायलचे दिवे जातात, जुने आउटपुट ट्रान्झिस्टर मूळ नंबरचे मिळत नाहीत. मे महिन्यात बंद खोलीत दीड-दोनशे वॅट ओढणाऱ्या व्हॉल्व्ह सेटसमोर बसून ज्यांना घाम पुसायचा नाही, त्यांना हा सुखाचा. कपाटात कोंबायचा असेल तर व्हॉल्व्हचा विचारच नको, त्याला वर आणि मागे मोकळी हवा लागते.

आवाजाबद्दल भांडण न संपणारं आहे. कुमार गंधर्वांच्या जुन्या एलपी मला व्हॉल्व्हवर जास्त भावतात. माझ्या मेव्हण्याला त्याच एलपी पायोनियरवर स्वच्छ वाटतात. दोघांचंही खरं.

एक वाट बरेच जण विसरतात. एफएमवर ऐकायचंच नसेल, फोन किंवा रेकॉर्ड प्लेअरच लावायचा असेल, तर ट्यूनरला हात न लावता फक्त पॉवर सप्लाय, फोनोचा टप्पा आणि आउटपुट एवढंच करून घ्या. काम निम्म्यावर येतं, जुळवणीचा प्रश्नच उरत नाही, आणि ट्यूनर पुढे कधी सिग्नल जनरेटरवाला माणूस भेटला तर त्याच्यासाठी जसाच्या तसा राहतो. मेकॅनिकला हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने आयएफच्या डब्यांतही स्क्रूड्रायव्हर घालेल.