‘नवे’ शॉकअप, रबरी बफर आणि साडेअकरा हजारांचा चुना

गाडी परभणीची, सात सीटची, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. माणसं भरून तुळजापूरला निघाली की मागून बसायची, प्रत्येक गतिरोधकावर खाली घासायची. दुकानदाराने मागचे दोन नवे शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर), दोन स्प्रिंग बफर आणि मागचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) असं मिळून ११,५०० रुपये घेतले, पावती साध्या चिठ्ठीवर दिली. पंधरा दिवसांत डावा शॉकअप गळायला लागला आणि मागून कटकट आवाज सुरू झाला.

सामान उतरवल्यावर कळलं, शॉकअप गाडीचेच जुने होते, वरून काळा रंग मारलेला. रंगाखाली गंजाचे फोड हाताला लागत होते, बोल्ट बसतो तिथलं लोखंड घासून चकचकीत झालं होतं आणि क्रोमच्या दांड्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. गळती त्या ओरखड्यांमुळेच. दांडा वरखाली होताना खरवडलेली जागा तेल अडवणारं सील कापत जाते. नट सोडताना दांडा फिरू नये म्हणून त्याच्या टोकालाच पाना धरायला जागा दिलेली असते. पकड लावणारा माणूस शॉकअप बाद करतो.

नवा गॅसचा शॉकअप दाबून पट्ट्याने बांधलेला येतो, पट्टा कापला की आपोआप लांब होतो. आपल्यासमोर पट्टा कापायला लावा. तेलाचा असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढावी लागते. आणि बदलायचे तर जोडीनेच.

बफर म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अडकवायचा रबराचा तुकडा. वेढे अडले की स्प्रिंग कडक होते, उंची थोडी वाढते, दुकानासमोर गाडी ताठ दिसते. गिऱ्हाईक इथेच फसतं. थकलेली स्प्रिंग त्याने बरी होत नाही, आणि शॉकअप मेलेला असताना कडक स्प्रिंगची उसळी आवरायला काहीच उरत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशा रस्त्यावर ८० च्या वेगात मागची चाकं जमिनीवरची पकड सोडू शकतात आणि नेमका त्याच वेळी ब्रेक मारावा लागला तर गाडी आडवी होऊ शकते. घरची माणसं बसवून हा धोका घेऊ नका. खरा इलाज म्हणजे त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगा. तरीही बफर लावायचाच असेल तर वेढ्यांमधलं अंतर मोजूनच घ्यावा. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं म्हणणाऱ्याकडून नको.

मागे पाट्यांची स्प्रिंग असलेल्या काही गाड्यांना ॲक्सलला जोडलेला, भार ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची उंची वाढवली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. तो पुन्हा सेट करून घेतल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढू नये.

कटकटीचं कारण बुश, म्हणजे शॉकअपच्या बोल्टाभोवतीचं रबर. बोल्ट चाकं लोंबत असतानाच कचकचून आवळले होते. गाडी खाली उतरताच बुशचं रबर पिळलं गेलं, तसंच पिळलेलं राहिलं आणि फाटलं. बोल्ट आधी हलकेच लावायचे, गाडी चाकांवर उभी करून मागून दोन-चार वेळा दाबायची आणि मगच कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळायचे.

अलाइनमेंटचे पैसे तर निव्वळ हवेतले. या गाडीला मागे एकसंध आडवा बीम आहे. त्यात टो (चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) किंवा कॅम्बर (चाक उभ्यात कलल्याचा कोन) फिरवायची सोयच नसते. मशीनवर कोन मोजता येतो, एवढंच. तो चुकलेला निघाला तर बीम वाकलेला असतो किंवा बुश गेलेला असतो.

गाडी दुकानात लावण्याआधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही बाजूंनी टेपने घ्या, लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा घ्या. जुन्या शॉकअपवर आधीच खिळ्याने खूण करा. काम झालं की जुनं सामान परत मागा. इथे ते मागितलंच नव्हतं, म्हणून रंगरंगोटी खपली. खोक्यावरचा पार्ट नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तोवर रंग मारलेले शॉकअप भंगारात देऊ नका.