टिळकवाडीतील प्राण्यांचा दवाखाना : टॉक्सोप्लाझ्माच्या निमित्ताने

घरात सून गरोदर असताना मांजराला ताप चढला, त्याने खाणे सोडले आणि एक डोळा लाल झाला, की पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून शेजारीपाजारी ते खानापूरकडच्या शेतावर सोडून यायला सांगतात. बेळगावातील टिळकवाडीच्या ज्या खासगी दवाखान्यात आम्ही आमची मनी नेली, तेथील डॉक्टरीणबाईंनी हा सल्ला साफ नाकारला आणि तसे करण्यामागची कारणेही सविस्तर सांगितली.

टॉक्सोप्लाझ्मा या गर्भालाही अपाय करू शकणाऱ्या सूक्ष्म परजीवीची बाधा प्रथमच झालेले मांजर साधारणपणे एक ते तीन आठवडेच विष्ठेतून त्याची बीजे बाहेर टाकते, आणि ही बीजे ताज्या विष्ठेत बाधक नसून ती तशी होण्यास एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे मांजराच्या शौचाचा, माती घातलेला ट्रे दररोज, तोही गरोदर बाईखेरीज अन्य कोणी साफ केल्यास धोका पुष्कळ कमी होतो. अर्धे कच्चे मटण आणि न धुतलेली भाजी यांकडे अधिक लक्ष द्या, असे त्यांनी बजावले, आणि सुनेच्या रक्ततपासणीचा निर्णय मात्र तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांवर सोपवला. मनीच्या रक्तातील प्रतिपिंडे (बाधेविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) वाढलेली आढळली, तरी केवळ त्यावरून आजार सिद्ध होत नाही, हे सांगून त्यांनी लक्षणे आणि क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाला मिळणारा प्रतिसाद पाहूनच निदान पक्के केले.

आमच्या कुत्र्याचीही तपासणी करावी, असा आमचा आग्रह होता. कुत्र्यालाही ही बाधा होऊ शकते, परंतु त्याच्या आतड्यात ही बीजे तयार होत नाहीत, आणि लक्षणे नसताना तपासणीवर खर्च करू नये, असे त्यांचे उत्तर होते. हाती आलेले पैसे सोडणारा दवाखाना कुठेही विरळाच.

उणिवा आहेत. रक्ताचे नमुने बाहेरगावी जातात, त्यामुळे अहवालाची वाट पाहावी लागते. सूचनापत्रक कन्नड आणि इंग्रजीत छापलेले आहे. खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या अनेकांच्या घरी औषध पाजणारी आजी फक्त मराठी वाचते, हे लक्षात घेऊन मराठी मजकूरही हवा. त्याहून गंभीर बाब म्हणजे, क्लिंडामायसिनची गोळी कोरडी गिळवल्यास ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून मागोमाग पाणी किंवा खाणे द्यावे लागते, ही सूचना औषध देणाऱ्या मदतनिसाने दिलीच नाही; ती आम्हाला डॉक्टरांना फोन केल्यावर कळली. मांजर नेणाऱ्यांनी लसीकरणाची सकाळची वेळ टाळावी, कारण प्रतीक्षेची खोली एकच असून कुत्र्यांच्या भुंकण्याने मांजर पिशवीतच घाबरेघुबरे होते.