पणजोबांचा शोध: तीर्थोपाध्यायांची वही की कोतवाल बुक?

नावांची साखळी हवी असेल तर मी आधी नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठेन. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की त्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणारे पुरोहित, नावांच्या नोंदींचं बाड काढतात. आजोबा, पणजोबा, चुलते अशी ओळ लागते, कधी खाली यात्रेला आलेल्याची सहीसुद्धा. पणजोबांचं ते वेडंवाकडं अक्षर बघायला मिळालं तर प्रवास वसूल! पण जे घर तीर्थाला गेलंच नाही, त्याचं पान तिथे कुठून असणार?

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदवही, त्या मानाने रुक्ष. जन्म, मृत्यू, तारीख, बापाचं नाव, जात. गोष्ट काहीच नाही. पण यात्रेची ऐपत नसलेलं घरही त्यात सापडतं. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी हीच बुकं धुंडाळली गेली. जुनी पानं मोडी लिपीत, तेव्हा वाचणारा आधी गाठा.

धंद्याच्या बाबतीत मात्र दोन्हींकडे जपून. ‘साळी’ लिहिलंय म्हणून पणजोबा मागावर कापड विणत होते असं नाही; ती जात झाली. कुलकर्णी-पाटलांचं बरं, त्यांच्या वतनाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, शोधता येतात.